मिशनच्या जुन्या काचपट्ट्या हाती आल्या तर : मिरज-कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन फोटोंची पेटी उघडण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंत

सव्वातीन इंच बाय चार इंच. दोन पातळ काचा, मध्ये काळ्या कागदाची चौकट, चारही कडांना चिकटवलेली काळी पट्टी आणि एका कोपऱ्यात कागदाचा छोटा गोल ठिपका. उजेडासमोर धरलं की आत एक दवाखाना दिसतो, पायरीवर पगडी घातलेला माणूस, त्याच्या डोळ्याला पट्टी. ही मॅजिक लँटर्नची, म्हणजे भिंतीवर चित्र पाडणाऱ्या जुन्या कंदिलाची स्लाइड. सांगली, मिरज, कोल्हापूर, कोडोली, रत्नागिरी, वेंगुर्ला या पट्ट्यात जुन्या मिशन बंगल्यांमध्ये, चर्चच्या कपाटांत किंवा निवृत्त नर्सबाईंच्या ट्रंकेत अशा पेट्या अजून निघतात. बरोबर पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो असतात, निगेटिव्हची पाकिटं असतात आणि १९५०-६०च्या काळातल्या छोट्या रंगीत स्लाइड्सही.

गेली काही वर्षं मी अशा पेट्यांवर हौसेनं काम करतो आहे. अर्ध्या गोष्टी चुकत चुकत शिकलो. ज्याच्या हाती अशी पेटी नव्यानं आली आहे त्याच्यासाठी हे लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही

रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२मध्ये कोल्हापुरात आला. तेव्हा तो बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचा माणूस होता. पुढे बोर्डाशी त्याचं बिनसलं, काही वर्षं त्यानं स्वतंत्रपणे काम चालवलं आणि १८७०मध्ये ते प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) चर्चच्या न्यूयॉर्कमधल्या परदेशी मिशन बोर्डाच्या हवाली केलं. हेच आधीचं कोल्हापूर मिशन, पुढचं वेस्टर्न इंडिया मिशन. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९मध्ये आला, मिरजेचं हॉस्पिटल १८९४मध्ये उभं राहिलं आणि त्यानंतर फोटोंना सुमार राहिला नाही.

इतके फोटो का काढले, हे लक्षात ठेवायला हवं. ते आपल्यासाठी काढलेले नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या छोट्या गावातल्या चर्चला दाखवायचे, लोकांनी पैसे द्यायचे, त्या पैशातून इथे खाट, शाळा, विहीर व्हायची. मिशनरी सुट्टीवर मायदेशी गेला की कंदील आणि स्लाइडची पेटी घेऊन गावोगाव व्याख्यानं द्यायचा. शिवाय बोर्ड स्वतः स्लाइडचे संच तयार करून, टंकलिखित भाषणासकट चर्चना वापरायला द्यायचं. म्हणजे पेटीतली प्रत्येक स्लाइड हे एका भाषणातलं एक वाक्य असतं. सुटी काढली की अर्थ अर्धा होतो.

(कंदिलाचं हे वेड फक्त मिशनऱ्यांचं नव्हतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावानं काचेच्या हलत्या चित्रांचे खेळ सुरू केले. आपल्या लोकांना हा प्रकार चांगला माहीत होता.)

पेटी उघडताना

पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. पेटी जशी आहे तशी टेबलावर ठेवा आणि मोबाइलनं फोटो काढा. बाहेरून सगळ्या बाजूंनी, झाकणाच्या आतून, मग खाचांमध्ये उभ्या असलेल्या स्लाइड्सचे वरून. कुठल्या खाचेत काय आहे हे नंतर सांगता आलं पाहिजे.

माझी पहिली पेटी मी अशी उघडली नाही. उत्साहाच्या भरात सगळ्या काचा बाहेर काढल्या, पुसल्या आणि नव्या लिफाफ्यांत घातल्या. खूप छान काम केलं असं वाटलं. आठवड्यानं पेटीच्या झाकणाचं आतलं अस्तर सुटलेलं दिसलं. मागे घडी केलेला टंकलिखित कागद होता, १ ते ५० क्रमांक आणि प्रत्येकापुढे ओळ. क्रमांक खाचांचे होते, स्लाइडवर काहीच नव्हतं. जुळवाजुळवीत दोन महिने गेले. नऊ स्लाइड्स आजही बेवारस आहेत.

म्हणून क्रम मोडायचा नाही. काढलेली वस्तू त्याच जागी परत ठेवायची. पेटी, लिफाफे, दोरा, रद्दी म्हणून गुंडाळलेलं वर्तमानपत्र, काहीही फेकायचं नाही. वर्तमानपत्रावर तारीख असते, आणि ते कुठल्या गावचं आहे हेही कळतं.

लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिलीनं, तेही लिफाफ्यावर. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवलं तर अक्षरांचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो आणि तो कायमचा.

कशाचं काय आहे ते वेगळं ओळखा

पेटीत साधारण पाच प्रकार सापडतात आणि पाचांची पथ्यं वेगळी.

काचेच्या लँटर्न स्लाइड्स सर्वांत टणक दिसतात. पण कडेची कागदी पट्टी आपल्या उन्हाळ्यात वाळून सुटते आणि दोन काचांच्या मध्ये धूळ आणि बुरशी शिरते. काचेच्या निगेटिव्ह म्हणजे प्लेट्स वेगळ्या. त्यांना वरून दुसरी काच नसते, चित्राचा थर उघडा असतो. तिरप्या उजेडात धरा. एक बाजू आरशासारखी चकचकीत, दुसरी किंचित मंद दिसेल. मंद बाजूला बोट लावायचं नाही.

कागदी फोटोंत एकोणिसाव्या शतकातले बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कागदावरचे. कागद इतका पातळ की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय राहत नाही, रंग तपकिरी आणि कडेनं पिवळट फिका. विसाव्या शतकातले जाड, करडे-काळे, आणि जुने झाले की गडद भागावर चांदीसारखी निळसर झाक येते. ती झाक म्हणजे घाण नव्हे, पुसायला जाऊ नका.

फिल्मच्या निगेटिव्हच्या बाबतीत मात्र नाक वापरायचं. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजते आहे. ती इतरांपासून लगेच वेगळी करा, कारण एकीची वाफ शेजारणीला लागते. फिल्म चिकट, पिवळी-तपकिरी झाली असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ हा इंग्रजी शब्द छापलेला नसेल तर ती नायट्रेट असू शकते. कोडॅकनं नायट्रेट फिल्म १९५१च्या सुमारास पूर्ण बंद केली, त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही निगेटिव्हवर संशय धरावा. नायट्रेट पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही. काडी लावून तपासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बंद कपाटात, माळ्यावर, पत्र्याखाली ती ठेवायची नाही.

पाचवा प्रकार दोन इंच बाय दोन इंच चौकटीतल्या रंगीत स्लाइड्स. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मची ३५ मिलिमीटरची आवृत्ती १९३६मध्ये आली. पुठ्ठ्याची चौकट, त्यावर नाव, आणि पन्नाशीच्या मध्यानंतरच्या बऱ्याच चौकटींवर धुलाईचा महिना-वर्ष उठवलेलं. कोडाक्रोम अंधारात अफाट टिकते. सत्तर वर्षांपूर्वीची हिरवी नऊवारी आजही हिरवीच दिसते. पण प्रोजेक्टरच्या उजेडात हीच फिल्म इतरांपेक्षा लवकर विटते. तेव्हा ‘एकदा भिंतीवर दाखवू या की’ हा मोह टाळा. इतर बनावटीच्या जुन्या स्लाइड्स बहुधा गुलाबी-जांभळ्या झालेल्या असतात. त्यांचं स्कॅनिंग आधी उरका.

पुसायचं किती? जवळजवळ नाहीच

रबरी फुंकणीनं (कॅमेरावाल्यांकडे मिळते) धूळ उडवा. मग मऊ ब्रश. लँटर्न स्लाइडच्या बाहेरच्या काचेला डाग असेल तर मऊ सुती फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, घट्ट पिळून, मधोमध पुसा. कडेच्या पट्टीला ओल लागू देऊ नका. काच पुसायचा निळा स्प्रे, स्पिरिट, थुंकी, यांतलं काही नाही. बऱ्याच लँटर्न स्लाइड्स हातानं रंगवलेल्या असतात. त्यातली काच फुटलेली असेल आणि ओल आत गेली तर लुगड्याचा लाल रंग आभाळात पसरलेला मी पाहिला आहे.

उघड्या प्लेटच्या थराला, निगेटिव्हला आणि फोटोच्या पुढच्या बाजूला पाणी अजिबात नाही. हातात नायट्राइलचे मोजे घाला. काचेसाठी सुती मोजे नकोत, काच सटकते. सुटलेली पट्टी किंवा फुटलेली काच सेलोटेपनं जोडायची नाही. फुटक्या काचेचे तुकडे आडवे, पुठ्ठ्याच्या दोन ताटांत, एकमेकांना घासणार नाहीत असे ठेवा. जोडायचं काम जाणकाराचं.

कुठल्या प्रेस्बिटेरियनांचा?

इथे बहुतेक लोक घसरतात. पाठीवर ‘प्रेस्बिटेरियन मिशन, इंडिया’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण मिरज समजून बसतो. भारतात प्रेस्बिटेरियन एक नव्हते.

स्कॉटलंडचे मुंबईत होते. जॉन विल्सन १८२९मध्ये आला, विल्सन कॉलेज त्याच्याच नावाचं. पुणे आणि जालनाही स्कॉटिश. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन गुजरात-काठियावाडात, राजकोट आणि सुरतेकडे. कॅनडाचे १८७७पासून इंदूर आणि माळव्यात. होळकरांच्या इंदुरात मराठी घरं भरपूर, त्यामुळे फोटोतल्या नऊवारीवरून फसगत होते. खासी टेकड्यांमधले प्रेस्बिटेरियन वेल्सचे. आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचंच मोठं काम पंजाबात लुधियाना आणि तिकडे अलाहाबादेत होतं.

उलट बाजूनंही घोळ होतो. अहमदनगर, सोलापूर, वाई, सातारा इथलं अमेरिकन मराठी मिशन हे अमेरिकन असलं तरी प्रेस्बिटेरियन नव्हे, काँग्रिगेशनल, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्याच दुसऱ्या पंथाचं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढणारे ते. ना. वा. टिळकांचा संबंध त्या मिशनशी. कोल्हापुरात इंग्लंडच्या अँग्लिकन लोकांचंही काम होतं. म्हणजे ‘कोल्हापूर मिशन’ लिहिलंय म्हणून ते वाइल्डरचंच असेल असं नाही.

काच स्वतः थोडी मदत करते. अमेरिकन लँटर्न स्लाइड सव्वातीन बाय चार इंच, आडवी आयताकृती. ब्रिटिश स्लाइड सव्वातीन इंचाची चौरस. फूटपट्टी लावली की स्कॉटिश की अमेरिकन याचा पहिला अंदाज येतो. (पहिलाच. मुंबईतल्या दुकानातून ब्रिटिश मापाच्या काचा घेणारा अमेरिकन मिशनरी अशक्य नव्हता.)

मग पाठीवरचे शिक्के बघा. ‘१५६ फिफ्थ ॲव्हेन्यू, न्यूयॉर्क’ हा पत्ता अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाचा, १८९५पासूनचा. ‘४७५ रिव्हरसाइड ड्राइव्ह’ असेल तर १९६०च्या आसपासचं किंवा नंतरचं. १९५८मध्ये अमेरिकेतली दोन प्रेस्बिटेरियन चर्चेस एकत्र आली आणि बोर्डाचं नावही बदलून ‘कमिशन’ झालं. शिक्क्यात बोर्ड आहे की कमिशन, तेवढ्यावरूनसुद्धा काळ ठरतो.

तारीख लावताना

फोटो काढल्याची तारीख आणि ओळ लिहिल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. वानलेसला १९२८मध्ये ‘सर’ किताब मिळाला. खाली ‘सर विल्यम शस्त्रक्रिया करताना’ लिहिलं असेल तर ती ओळ १९२८नंतरची, पण फोटो १९०५चाही असू शकतो. बोर्डाची ऑफिसं जुन्या फोटोंना नव्यानं ओळी चिकटवत असत.

चित्रातल्या खुणा स्थानिक माणसालाच दिसतात, चर्चचं दप्तर सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातल्या ग्रंथपालाला नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१मध्ये सुरू झाली, कोल्हापूर स्टेशनचा फोटो त्याआधीचा असणार नाही. कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान १९१२चं. छप्पर गवताचं, देशी नळ्यांचं की मंगळुरी कौलांचं. विजेचा खांब आहे का. पाटीवर अक्षर मोडी आहे की बाळबोध. पुरुषांच्या डोक्यावर पगडी, रुमाल की पांढरी टोपी. एकेकट्या खुणेवर विसंबू नका, तीन-चार एका बाजूला झुकल्या तरच वर्ष लिहा, आणि तेही ‘सुमारे’ लावून.

स्कॅन

सपाट स्कॅनर असेल तर त्याच्या झाकणात दिवा असलेला, म्हणजे पारदर्शक वस्तू स्कॅन करणारा हवा. साध्या ऑफिसच्या स्कॅनरवर काच ठेवली तर काळा चौकोन मिळेल.

कागदी फोटो ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके). लँटर्न स्लाइड १२००. या मापाला ३९०० बाय ४८०० ठिपके मिळतात, साधारण १९ मेगापिक्सेल, आणि पूर्ण रंगखोलीची टिफ फाइल सव्वाशे एमबीच्या आत बसते. ३५ मिलिमीटरची स्लाइड ४००० डीपीआयला, म्हणजे २१ मेगापिक्सेलच्या आसपास. यापुढे आकडा वाढवून फक्त फिल्मचे कण मोठे दिसतात.

मास्टर फाइल टिफमध्ये, कसलीही सुधारणा न करता. उजळ करणं, ओरखडे काढणं, रंग सावरणं हे सगळं प्रतीवर. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय काळ्या-पांढऱ्या फिल्मवर आणि काचेवर बंद ठेवा. चांदीच्या कणांना ती धूळ समजते. कोडाक्रोमवरही ती गोंधळ घालते, चष्म्याची काडी गायब झालेली मी पाहिली आहे.

स्कॅनर नसेल तर कॅमेऱ्यानंही उत्तम होतं. खाली एकसारख्या पांढऱ्या उजेडाचं एलईडी पॅनेल, त्यावर काळ्या कार्डशीटमध्ये स्लाइडच्या मापाची खिडकी कापून ठेवा म्हणजे बाजूचा उजेड भिंगात शिरणार नाही. वर स्टँडला उलटा लावलेला कॅमेरा, मॅक्रो लेन्स, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. खोलीतले दिवे बंद. पंखा बंद. (पंखा विसरलात तर दहा फोटो हलल्यावर आठवेल.)

प्रत्येक वस्तूचे दोन फोटो घ्या. एक चित्राचा, एक पूर्ण वस्तूचा, म्हणजे चौकट, चिठ्ठ्या, ठिपका, मागचं लिखाण सगळं दिसेल असा. पन्नास वर्षांनी दुसराच जास्त उपयोगी पडेल.

आता डावं-उजवं. काच दोन्ही बाजूंनी आरपार दिसते, त्यामुळे चित्र उलटं स्कॅन होणं फार सोपं. अमेरिकन स्लाइडवरचा गोल ठिपका यासाठीच असतो. तो खाली डाव्या कोपऱ्यात येईल अशी हातात धरली की चित्र बरोबर दिसतं. ठिपका गळून पडला असेल तर चित्रात अक्षरं शोधा. अक्षरंही नसतील तर बायकांचा पदर बघा. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर. सगळ्या बायकांचा उजव्या खांद्यावर दिसला तर एकतर काच उलटी आहे किंवा फोटो काठियावाडातला, आयरिश लोकांचा. पुरुषांच्या कोटाची बटणंही बघून घ्या. एका परदेशी संग्रहात कोल्हापूरचा म्हणून लावलेला फोटो मी केवळ पदरावरून उलटा असल्याचं ओळखलं होतं. पत्र पाठवलं, त्यांनी सरळ केला.

नोंद : जुनी ओळ आणि आपली ओळ वेगळी

साधी एक्सेल शीट पुरे. रकाने असे ठेवा : पेटी आणि खाच क्रमांक, वस्तूचा प्रकार आणि माप, मूळ ओळ जशीच्या तशी, शिक्के, ठिकाण, काळ, माणसं, कुणी सांगितलं आणि कधी, शेरा. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, गावाचं लघुरूप, पेटी, खाच. मोकळ्या जागा नकोत.

‘मूळ ओळ जशीच्या तशी’ हा रकाना मोडायचा नाही. ‘एक नेटिव्ह नर्स’, ‘मूर्तिपूजक स्त्री’, ‘दुष्काळातून वाचवलेलं पोर’ अशा ओळी वाचून राग येतो, बदलाव्याशा वाटतात. बदलू नका. ती ओळ त्या काळाचा पुरावा आहे. शेजारच्या रकान्यात आपलं लिहा. स्पेलिंगही तसंच ठेवा. कोल्हापूर जुन्या कागदांत दुहेरी ‘ओ’नं लिहिलेलं सापडतं, मधला ‘ह’ गाळलेलंही सापडतं. पुढे शोधताना दोन्ही लागतात.

मूळ ओळीत एक गोष्ट हटकून दिसते. डॉक्टरसाहेबाचं नाव पूर्ण, मडमेचं नाव पूर्ण, कधी कुत्र्याचंही नाव, आणि शेजारी उभी असलेली चार माणसं नुसती ‘मदतनीस’. फिलाडेल्फियाकडे ही नावं नाहीत, कारण तिथे ती पाठवलीच नव्हती. असलीच तर इथे आहेत. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, नर्सिंग स्कूलचे बॅचचे फोटो, मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) शतकोत्सवी स्मरणिका, कबरीवरच्या पाट्या. आणि म्हातारी माणसं. त्यामुळे या संग्रहाचं खरं काम आपल्याकडेच पडून आहे, आणि त्याला वेळेची घाई आहे.

म्हाताऱ्या माणसांकडे कसं जायचं, हे थोडं सविस्तर सांगतो. मोबाइल पुढे करू नका. फोटो मोठ्या कागदावर, ए-४ आकारात छापून न्या. चहा होऊ द्या. ‘हे कोण?’ असं विचारलं की माणसं दडपतात, परीक्षा वाटते. ‘हे कुठलं असेल हो?’ असं विचारा. जागा ओळखली की माणसं आपोआप येतात.

पायरीवर उभ्या असलेल्या पाच नर्सेसचा एक फोटो होता, खाली फक्त ‘नर्सेस, मिरज’. नव्वदीला टेकलेल्या एका निवृत्त सिस्टरबाईंपुढे ठेवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. चेहऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणाल्या, “ही दवाखान्याची पायरी नव्हे रे बाळा. ही आमच्या क्वार्टर्सची. तिसऱ्या पायरीचा टवका बघ, आम्ही सगळ्या तिथंच ठेचकाळायचो.” मग उजवीकडून दुसऱ्या बाईवर बोट ठेवून, “या माझ्या आईच्या वर्गातल्या,” आणि नाव सांगितलं, माहेरचं गावही सांगितलं. उरलेल्या चौघी त्यांना माहीत नव्हत्या. पण त्यांनी आणखी दोघींचे पत्ते दिले.

बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. कुणी सांगितलं, कधी सांगितलं हे शीटमध्ये लगेच, त्याच रात्री. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, निकाल देऊ नका.

काय दाखवायचं, काय नाही

मिशन हॉस्पिटलच्या संग्रहात रोगी असणारच. कुष्ठरोगी, क्षयाचे, शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे, कधी उघडेवाघडे. दुष्काळात आलेली मुलं, १८९६-९७ची आणि १८९९-१९००ची. त्यांना कुणी विचारून फोटो काढले नव्हते. नोंद पूर्ण ठेवा, पण इंटरनेटवर सरसकट टाकू नका. कुष्ठरोग्याचं नाव कळलं असेल तर ते बंद शीटमध्ये राहू द्या, नातवंडं त्याच गावात असतात. धर्मांतराची गोष्टही तशीच नाजूक. एखाद्या घराण्यातलं कोण कधी ख्रिस्ती झालं हे आपण फेसबुकवर जाहीर करायचं काम नाही.

हक्कांचं थोडक्यात. भारतात १९५८पूर्वी काढलेल्या फोटोंना जुन्या नियमानं निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षांचं संरक्षण होतं, ते केव्हाच संपलं. नंतरच्या फोटोंचं गणित वेगळं, आणि २०१२च्या दुरुस्तीपासून तर फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं. अमेरिकेतल्या प्रकाशित फोटोंना प्रकाशनापासून ९५ वर्षं लागू शकतात. कायद्यानं मोकळा असला तरी पेटी ज्या मंडळीची किंवा घराची, त्यांना विचारल्याशिवाय छापायचं नाही.

जुळणारे फोटो शोधायचे कुठे

फिलाडेल्फियातली प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी १८५२ची, योगायोगानं वाइल्डर कोल्हापुरात आला त्याच वर्षीची. अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चचं अधिकृत दप्तर तिथे आहे. ‘पर्ल’ नावाचा त्यांचा डिजिटल संग्रह घरबसल्या बघता येतो. परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांच्या व्यक्तिगत फाइल्स ‘रेकॉर्ड ग्रुप ३६०’ या क्रमांकाखाली आहेत. तुमच्या पेटीवर मिशनऱ्याचं आडनाव असेल तर तिथून सुरुवात करा. ईमेल पाठवताना स्लाइडचं माप, शिक्का, मूळ ओळ आणि पूर्ण वस्तूचा फोटो द्या. ‘माझ्याकडे जुने फोटो आहेत, माहिती द्या’ या ईमेलला कुणी काय उत्तर देणार?

स्कॉटिश निघालं तर एडिंबरामधलं नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड, अहमदनगरचं निघालं तर हार्वर्डची हाउटन लायब्ररी, इंदूरचं निघालं तर टोरांटोमधलं युनायटेड चर्च ऑफ कॅनडाचं दप्तर. निरनिराळ्या मिशन संस्थांचे फोटो एकत्र बघायचे तर लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा इंटरनॅशनल मिशन फोटोग्राफी अर्काइव्ह. शोधताना गावाच्या जुन्या स्पेलिंगनं, मिशनच्या दोन्ही नावांनी आणि मिशनऱ्याच्या आडनावानं असं तिन्हीकडून शोधा. १९२४मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्यामुळे उशिराच्या फोटोंवर प्रेस्बिटेरियन हा शब्द नसेलही.

ठेवायचं कसं

माळा नको, बाहेरची भिंत नको, तळघर नको. घरातल्या मधल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर, लोखंडी कपाटात. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवी. कोकणात जुलैत हा आकडा म्हणजे थट्टाच आहे. म्हणून काचा आणि फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत, पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात आणि डब्यात सिलिका जेल. रंग बदलला की जेल तापवून, पूर्ण गार करून परत ठेवा. डांबराच्या गोळ्या, कापूर, अगरबत्तीजवळची जागा, पीव्हीसीचे चिकट अल्बम, रबरबँड, स्टेपलर हे सगळं बाहेर. काचा आडव्या थप्पीत रचायच्या नाहीत, खालची फुटते. लांब कडेवर उभ्या ठेवा, मध्ये मध्ये जाड पुठ्ठा. खोकं भरताना एका हाताला वजन पेलवेल एवढंच भरा.

फाइल्सच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. २०१९च्या पुरात सांगली-कोल्हापुरात ज्यांची कपाटं बुडाली त्यांना हे वेगळं सांगायला नको. पेटी ज्या मंडळीची असेल तिला एक प्रत आणि छापलेली यादी द्या.

आणि दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरून ऊन तापायच्या आत, दर वर्षी एकदा डबा उघडा. आधी वास घ्या. मग कडेच्या दोन-चार काचा उजेडात धरून बुरशीचे पांढरे धागे दिसतात का बघा, जेल बदला, यादीवर तारीख घाला आणि झाकण लावा.